शमुवेलालाही एली लागला

गेले दोन महिने आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, एकच वाद चालू आहे. कुपवाडच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम करणारा सव्वीस वर्षांचा मुलगा रविवारी साक्ष द्यायला उभा राहिला आणि म्हणाला, "प्रभूने मला पूर्णवेळ सेवेसाठी पाचारण केलंय. उद्या मी राजीनामा देतोय." पुढच्या बाकांवरून 'हालेलुया' आलं, मागच्या बाकांवरून खोकला. लोक गेटपाशी गाड्या काढेपर्यंत दोन तट पडलेही होते. एकाचं म्हणणं, देवाने बोलावल्यावर माणसांना विचारायचं कशाला? दुसऱ्याचं म्हणणं, आधी बहिणीच्या लग्नाचं कर्ज फेड, मग पाचारणाचं बघू. मिरजेतल्या एका लग्नाच्या पंगतीत हा वाद पोचला, साताऱ्याच्या पाहुण्यांनी तिथून तो उचलून नेला, आणि आता मला तिकडून फोन येतात: "तुम्ही कुठल्या बाजूचे?"

मी कुठल्याच बाजूचा नाही, आणि हे मधलं अंतर धरून शहाणं दिसण्यासाठी म्हणत नाही. दोन्ही बाजू एकाच चुकीच्या समजुतीवर उभ्या आहेत. दोघांनाही पाचारण म्हणजे फोन वाटतो. एक म्हणतो फोन आला, दुसरा म्हणतो राँग नंबर होता. ज्याला आला त्याने उचलावा, बाकीच्यांनी एक तर टाळ्या वाजवाव्यात नाहीतर शंका घ्यावी, याखेरीज तिसरं काम कोणाला उरत नाही. माझं म्हणणं असं, की देवाची हाक एकट्याला ऐकू येते, पण ती हाकच आहे हे एकट्याला ओळखता येत नाही. ओळखायला दुसरी माणसं लागतात, वेळ लागतो, आणि त्या हाकेची किंमत जे मोजणार त्यांचा आवाज लागतो. भरवशाचं म्हणाल तर तो देवावर ठेवायचा असतो, आपल्या कानांवर नाही. या दोन भरवशांची आमच्याकडे सर्रास गल्लत होते.

आधी पहिल्या बाजूचं ऐकून घेऊ, कारण त्यांच्याकडे वचनं आहेत आणि ती हलकी नाहीत. अब्राहाम निघाला तेव्हा कुठे जायचं हेही त्याला ठाऊक नव्हतं. गालील समुद्रावरच्या कोळ्यांनी जाळी तिथेच टाकली, घरी जाऊन सल्लामसलत केली नाही. नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्याबद्दल प्रभू काय म्हणाला, ते मुलांना तोंडपाठ असतं. आमोस संदेष्टा तर मेंढरांमागून उचललेला माणूस, त्याच्या पाचारणावर कुठल्या समितीने सही केली होती? आणि सगळ्यांत जड वचन पौलाचं. गलतीकरांना तो स्वच्छ लिहितो, की देवाने बोलावल्यावर मी लगेच कुठल्या माणसाची मसलत घेतली नाही. आमच्यातल्या मराठीत एमए करणाऱ्या एका मुलीने तर तुकोबाच पुढे ठेवले: "सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता." ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आले असं आपण अभिमानाने सांगतो, मग आता तो पूल अडवायचा का, असा तिचा प्रश्न. प्रश्न बिनतोड वाटला. मी त्या दिवशी गप्प बसलो.

शिवाय मंडळी म्हणजे कोण, हेही प्रामाणिकपणे बोललं पाहिजे. अकरा वर्षं मी कमिटीत आहे. आमच्या बैठकीतला पहिला तास गळक्या छपरावर जातो आणि दुसरा कब्रस्तानच्या भिंतीवर. कोण कोणाच्या मेहुण्याचा, कुठल्या गावचा, यावर मतं फिरताना मी पाहिली आहेत, एकदोनदा फिरवलीही आहेत. असल्या टेबलाभोवती कोणाच्या आत्म्याचा निकाल लावायचा? पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला आणि पाठोपाठ त्यांना धर्मातल्या वडीलधाऱ्यांनी आज्ञाधारकपणाचे धडे द्यायला सुरुवात केली. त्या ऐकून गप्प बसल्या असत्या तर केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं असतं का? मंडळी चुकते. आणि चुकते तेव्हा बहुतेक वेळा ती बाईच्या, गरिबाच्या किंवा परक्याच्या बाबतीतच चुकते.

हे सगळं मान्य करूनही मला वाटतं, की या पहिल्या बाजूच्या लोकांनी वचनं अर्ध्यावर वाचायचं सोडावं. मसलत घेतली नाही म्हणणारा पौल त्याच पत्रात पुढच्या अध्यायात सांगतो, की मी नंतर यरुशलेमेस गेलो आणि जी सुवार्ता सांगत होतो ती तिथल्या प्रमुखांपुढे मांडली; आपली धाव व्यर्थ तर जात नाही ना, ही काळजी त्याला होती. दिमिष्काच्या वाटेवर ज्याला प्रकाशाने खाली पाडलं, त्यालासुद्धा ही काळजी! आणि त्या वाटेवरही त्याला सगळं थेट सांगितलं गेलं नाही. नगरात जा, तिथे तुला सांगण्यात येईल, असं सांगितलं गेलं, आणि सांगायला आला हनन्या, जो स्वतःच घाबरलेला होता. पुढे कित्येक वर्षांनी अंत्युखियाच्या मंडळीने उपास करून, हात ठेवून त्याला पाठवलं. मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त रात्री एकट्या पौलाला झाला, पण सकाळी 'देवाने आम्हाला बोलावलं आहे' असं अनुमान काढलं ते 'आम्ही'. हा 'आम्ही' ती हकीकत लिहिणाऱ्या लूकने सहज लिहिला असेल, पण मला तो सगळ्या गोष्टीचा खिळा वाटतो.

आणि तुकोबा. घरी येऊन मी तो अभंग काढला. मन ग्वाही केलं, या ओळीच्या आधी बरंच काही आहे. दुष्काळ आहे, अन्न अन्न करत गेलेली बायको आहे, बुडालेला व्यवसाय आहे. मग तुकोबा म्हणतात, "काही पाठ केली संतांची उत्तरे." त्यापुढे, "गाती पुढे त्यांचे धरावे धृपद." म्हणजे ज्या मनाला त्यांनी साक्षीदार केलं, ते मन आधी कोणाच्या तरी मागे उभं राहून धृपद धरत होतं. बहुमत मानलं नाही हे खरं, पण संतांची उत्तरं पाठ केल्यावर मानलं नाही. स्वप्नातला गुरूपदेश अभंगात येतो तोही त्यानंतर. आमच्या तरुणांना पहिल्याच दिवशी पुढे उभं राहून गायचं असतं. धृपद धरायला कोणी मागे थांबत नाही. ही ओळ मी त्या मुलीला दाखवली तेव्हा ती हसून म्हणाली, "सर, तुम्ही होमवर्क केलंत." तेवढ्यावर तिने विषय बदलला. मला ती हरल्यासारखी वाटली नाही, पण विचारात पडल्यासारखी वाटली.

मंडळी भ्रष्ट असेल तर काय, या प्रश्नाला माझं उत्तर बायबलमधल्या शमुवेलाच्या गोष्टीत आहे. मुलगा मंदिरात झोपलाय, त्याला तीनदा हाक येते आणि तीनदा तो उठून तिथल्या याजकाकडे, एलीकडे धावतो. एली कसा आहे? डोळे गेलेला, थकलेला, ज्याचे मुलगे यज्ञाचं मांस लाटतात आणि ज्याला त्यांना आवरता येत नाही. आमची कमिटी त्याच्यापुढे देवदूतांची सभा म्हणावी लागेल. तरी ही हाक कोणाची, हे ओळखलं त्या एलीनेच, आणि "बोल, तुझा दास ऐकत आहे" हे उत्तरही त्यानेच शिकवलं. तो निरोप नेमका एलीच्याच घराण्याच्या नाशाचा होता! सकाळी एलीने तो मुलाकडून वदवून घेतला आणि म्हणाला, तो परमेश्वर आहे, त्याला बरं दिसेल ते तो करो. हाक ओळखायला पवित्र माणूसच लागतो असं नाही. जवळ असलेला, म्हातारा, हाकेची रीत जाणणारा माणूस लागतो. रमाबाईंचंही नीट पाहिलं तर त्या वडीलधाऱ्यांशी वर्षानुवर्षं पत्रांतून भांडल्या, वचनं काढून भांडल्या. पाठ फिरवून निघून जाणं वेगळं आणि समोर बसून भांडणं वेगळं. भांडणं हीसुद्धा पारखच.

आमच्या या मुलाला ही गोष्ट त्याच्याच कामातून सांगता येईल असं वाटून मी एकदा त्याला कारखान्यात काय चालतं ते विचारलं. त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेला एक पितळी तुकडा काढला, बुशसारखा. म्हणाला, सेटिंग झाल्यावर पहिला पीस काढतात आणि मशीन थांबवतात. तो पीस क्वालिटीवाल्याकडे जातो, तो मायक्रोमीटर लावून बघतो, सही करतो, मगच लॉट चालू. मिलिमीटरचा दोन शतांश इकडेतिकडे झाला तर पाचशे पीस भंगारात. मी विचारलं, "सेटिंग तूच केलंस, मग तूच का नाही पास करत?" तो म्हणाला, "स्वतःचा पीस स्वतः पास करत नाहीत, सर. ज्याने सेटिंग केलं त्याला तो बरोबरच दिसतो." म्हणजे माझं सगळं म्हणणं त्यानेच मांडलं होतं. मी काही बोललो नाही. तुकडा त्याने परत रुमालात बांधला.

मग मी त्याला विचारलं, की हाक आली म्हणजे नेमकं काय झालं. तो म्हणाला, रात्रपाळीहून आल्यावर प्रार्थना केली, डोळे मिटून बायबल उघडलं, बोट ठेवलं, आणि यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय निघाला: तुमच्याविषयी माझे संकल्प मला ठाऊक आहेत, ते हिताचे आहेत. आता, डोळे मिटून बायबल उघडणं याला आपल्या मुलखात जुना शब्द आहे, कौल लावणं. देवळात मूर्तीला फूल चिकटवून उजवं पडतंय की डावं हे बघणाऱ्यांना आपण नावं ठेवतो आणि स्वतः बोट ठेवून कौल घेतो. पण ते राहू दे. खरी गंमत त्या वचनात आहे. ते बाबेलमध्ये पाडाव होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे, आणि त्यात सत्तर वर्षांची मुदत आहे. त्याच्या आधी, पाचव्या वचनापासून, देव त्यांना काय करायला सांगतो? घरं बांधा, त्यांत राहा, मळे लावा, त्यांचं फळ खा, लग्नं करा, आणि ज्या नगरात नेलं आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. 'निघा' असं तिथे नाही. 'लगेच सुटका होणार' असं सांगणारे संदेष्टे खोटे आहेत, असं मात्र आहे. राजीनामा देण्यासाठी त्याने जे वचन धरलं, ते उलट कुपवाडातच राहा म्हणणारं निघालं तर?

आता दुसरी बाजू. त्यांचा मुद्दा पैशाचा आहे आणि पैशाचा आहे म्हणून तो खालच्या दर्जाचा ठरत नाही. नोकरी नाही म्हणून बायबल कॉलेज, आणि बायबल कॉलेज झालं म्हणून पाळक, असा रस्ता काहींनी धरलेला आम्ही पाहिला आहे. घरात म्हातारी आई आणि डोक्यावर कर्ज असताना 'प्रभू पुरवील' म्हणणं सोपं असतं, कारण प्रत्यक्षात पुरवत असते ती थोरली बहीण. पण यांचा हिशेब शेवटपर्यंत नेला तर काय उरतं? 1889 साली विल्यम वानलेस नावाचा तरुण डॉक्टर समुद्र ओलांडून सांगलीत आला, त्याच्या मागे कुठला व्यवहार होता? 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभं राहिलं आणि 1928 मध्ये निवृत्त होईपर्यंत तो इथेच राबला. आज मिरज दवाखान्यांचं गाव म्हणून कर्नाटकापर्यंत ओळखलं जातं आणि सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडी आहे, हे सगळं एका अव्यवहारी निर्णयाच्या पोटी आलं. 'आधी पोट' म्हणणाऱ्यांच्याच घरातली निम्मी बाळंतपणं त्या व्यवहारशून्य माणसाच्या रुग्णालयात झाली, हे त्यांना कोणी तरी आठवण करून द्यायला हवं.

दोन्ही बाजूंना आणखी एक गोष्ट दिसत नाही. पौल करिंथकरांना 'पाचारण' हा शब्द वापरतो तो गुलामगिरीत असताना, लग्नात असताना, रोजच्या स्थितीत असताना झालेल्या पाचारणासाठी. धर्मसुधारक ल्यूथरने याच धाग्यावरून मठाबाहेरच्या कामालाही पाचारण म्हटलं, शेतकऱ्याचं, मोलकरणीचं, आईचं. आमच्याकडे पाळक होणाऱ्यासाठी निरोप समारंभ होतो, शाल येते, हात ठेवले जातात. मिरजेहून आखातात निघालेल्या नर्ससाठी असलं काही कधी झालेलं मला आठवत नाही. जणू देव फक्त व्यासपीठाकडे तोंड करून हाक मारतो. मुलाला मशीनवरचं काम पाचारण वाटलं नाही याचा दोष त्याचा कमी आणि आमचा जास्त. त्याला तसं कोणी सांगितलंच नाही.

ल्यूथरचं नाव निघालं म्हणून सांगतो. 1505 साली वादळात वीज जवळ पडली आणि घाबरून तो ओरडला, संत अन्ना, वाचव, मी संन्यासी होईन. झालाही. दोन वर्षांनी त्याने पहिला मिस्सा अर्पण केला तेव्हा बापाने विचारलं, ती हाक देवाची होती आणि भुताची नव्हती, हे तुला कशावरून? बाप खाणीच्या धंद्यातला, त्याला वकील मुलगा हवा होता, म्हणजे त्याचा प्रश्न स्वार्थीच होता. पण 1521 मध्ये मठातल्या व्रतांवर लिहिताना ल्यूथरने ते लेखन बापालाच अर्पण केलं आणि त्याचं म्हणणं बऱ्याच अंशी मान्य केलं. गंमत बघा. ज्या हाकेने तो मठात गेला ती त्याला पुढे खोटी वाटली, पण मठात गेला नसता तर बायबल असं उलटसुलट वाचलं असतं का? चुकीच्या ऐकण्यावर देवाने बरोबर काम करून घेतलं. भरवसा म्हणतो तो हा. 'मला शंभर टक्के खात्री आहे' असं छाती ठोकून सांगणं हा भरवसा नव्हे. ज्याला शंभर टक्के खात्री आहे त्याला देवावर भरवसा ठेवायची गरजच काय?

साताऱ्याच्या पाहुण्यांनी तर हा वाद घालूच नये, कारण त्यांच्या गावात याचं मोठं उदाहरण घडून गेलं आहे. 1917 मध्ये ना. वा. टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. वय पन्नाशी ओलांडलेलं. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताभोवती एकत्र बसवायचं स्वप्न. 1919 मध्ये ते वारले आणि दरबार फार टिकला नाही. मग ते पाचारण खरं की खोटं? टिकलं नाही म्हणून खोटं म्हणावं, तर वधस्तंभाच्या दिवशी शिष्यांनीही हेच म्हटलं असतं. आणि त्यांची गीतं आजही दर रविवारी आपल्या तोंडात आहेत, म्हणून खरं म्हणावं, तर गीतं दरबाराच्या आधीचीही आहेत. फळावरून झाड ओळखा हे खरं, पण कुठलं फळ कुठल्या फांदीचं हे इतक्या सहज सांगता येत नाही. मी स्वतः तेविसाव्या वर्षी सेवेत जाणार होतो. तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी "एक वर्ष संडे स्कूल घे, मग ये" म्हणून सांगितलं. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो. हाक चुकवली की ओळखली, मला आजही ठामपणे सांगता येत नाही, आणि त्यामुळे झोप उडत नाही.

पण एका बाबतीत मी ठाम आहे. मिशनरी विल्यम कॅरीचं नाव आम्ही सेवेच्या सभांत फार घेतो. 1805 साली सेरामपूरहून मराठीचं व्याकरण छापणारा हा मूळचा चांभार. त्याची बायको डॉरोथी भारतात यायला तयार नव्हती. तो थोरल्या मुलाला घेऊन निघालाही होता, जहाज लांबलं, मग मनधरणी, दडपण, आणि 1793 मध्ये ती तान्ह्या मुलासकट निघाली. पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर गेला आणि डॉरोथीचं मन ढासळलं ते 1807 मध्ये तिच्या मरणापर्यंत सावरलं नाही. हे आमच्या सभांत सांगत नाहीत. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर काय कोसळलं आणि पुढची काही वर्षं त्यांनी नवऱ्यावाचून कशी काढली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळतं. डॉरोथीने काही लिहून ठेवलं नाही. हाक एकाला आणि वजन दुसऱ्याच्या डोक्यावर, हे देवाच्या नावावर चालवून घ्यायचं का? कॅरीचं काम थोर होतं, यात मला शंका नाही. पण बायको 'नाही' म्हणत होती, तेव्हा तीही त्याची एली असू शकली असती, हे त्याच्या मनात आलं नसावं.

परवा मी त्या मुलाच्या घरी गेलो. तो कामावर होता. राजीनामा दिलाय, पण नोटीसचा काळ अजून संपलेला नाही. आईने पाणी दिलं. मंडळीत दोन महिने वाद चाललाय, साताऱ्यापर्यंत गेलाय, पण तिला आजवर कोणी काही विचारलेलं नव्हतं, त्यानेही नाही, आमच्यापैकीही कोणी नाही. तिने गोळ्यांची पिशवी उचलून दाखवली, साखरेच्या, रक्तदाबाच्या, आणि म्हणाली, "त्याला जायचंय तर मी अडवत नाही, सर. पण मला धरून विचारलं असतं तर बरं वाटलं असतं." मी सेक्रेटरीला फोन केला आणि पुढच्या बैठकीत तिच्यासाठी एक खुर्ची ठेवायला सांगितली. तो म्हणाला, कमिटीबाहेरच्या बाईला बैठकीत बसवायची पद्धत नाही. मी म्हटलं, या महिन्यापासून आहे. बैठक पुढच्या शुक्रवारी सातला आहे. चहा त्या दिवशी तिने करायचा नाही, तो मी करणार आहे, एवढंही सांगून ठेवलंय.